सुस्थितीत मिळालेला डबा

निवृत्तीनंतर मोठमोठे गुन्हे विसरलो, पण टीव्हीच्या एका डब्याचं प्रकरण काही मनातून जात नाही. आठवलं की आजही जीव हळहळतो.

मालेगावात एका तरुणीचं छोटं ऑफिस होतं. आसेगावच्या मित्राबरोबर तिनं टीव्हीवर चालणारं ॲप काढलं होतं. गावोगावचे कबड्डीचे सामने, लग्नं, भजनं त्यावर थेट दिसायची. कामासाठी पुण्या-सुरतेला गेलेली आपली माणसं तिथे बसून गाव पाहायची. एका सकाळी ती ठाण्यात आली. टीव्हीला जोडायचा तळहाताएवढा डबा ऑफिसातून चोरीला गेला होता.

"मॅडम, बाजारात नवा भेटते की," आमचे हवालदार म्हणाले.

"नव्यात किल्ली नसते ना भाऊ!" तिचा आवाज चढला.

मग तिनं मला समजावलं. ॲपची सुधारलेली आवृत्ती काढायची, तर तिच्यावर पहिल्याच किल्लीची सही लागते. नाहीतर टीव्हीवर ॲप पुरवणारी कंपनी ती घेत नाही. ही किल्ली लोखंडाची नव्हे, त्या डब्याच्या पोटात साठवलेली खूण. दुसऱ्या डब्यात न्यायला पासवर्ड लागतो, आणि तो दोघांनीही हरवला होता. कंपनीचे नियम बदलल्यानं जुनी आवृत्ती महिन्याअखेर बंद पडणार होती. तोवर नवी चढली नाही, तर घरोघरच्या टीव्हीवरचं ॲप संपलंच.

पंचनाम्याला गेलो. कुलूप शाबूत, महागडा कॅमेरा जागच्या जागी. महाग सोडून स्वस्त उचलणारा चोर बाहेरचा नसतो, हे नोकरीत फार लवकर कळतं. समोरच्या चहावाल्याला बाजूला घेतलं. आधी "मले काई मालूम नाई" झालं, मग हळूच म्हणाला, "साहेब, तिचा दोस्त काल सांजच्याला येऊन गेला. दोघाईचं भांडन चालू हाये."

मित्राला बोलावलं. पोरगा आधीच घाबरलेला होता, त्याच्यावर ओरडण्यात अर्थ नव्हता. चहा पाजला, घरची विचारपूस केली आणि मग एवढंच विचारलं, "काहून नेला रे?"

"सगळीकडं तिचंच नाव लावते साहेब! मी काय नुसता वायरा ओढाले होतो?" आणि ढसाढसा रडला. "वापस देतो. आमच्या बाबाची इज्जत जाईन, एवढं सांभाळा."

डबा आसेगावला घरी होता. त्यानं माझ्यासमोरच वडिलांना फोन लावला.

दुपारी वडील आले. तक्रारदार तरुणीलाही मी बोलावून घेतलं होतं. धुतलेल्या टॉवेलात गुंडाळलेला डबा टेबलावर ठेवून त्यांनी हात जोडले. तरुणीचा चेहरा असा खुलला! तिनं तो लगेच ठाण्यातल्या टीव्हीला जोडला. पडद्यावर सूचना आली, भाषा निवडा. कोऱ्या डब्यावर येते तशी.

"काका, हा पुसला कोनं?"

"मीच ना बाई." म्हाताऱ्याच्या आवाजात समाधान होतं. "बस स्टँडजवळच्या मोबाईलवाल्याकडून पार कोरा करून आनला. लोकाचं भांडं खरकटं कसं वापस द्यावं?"

डब्याबरोबर पोटातली किल्लीही पुसली गेली, हे पोराला लगेच कळलं. तरुणीनं डब्याची वायर काढून नीट गुंडाळली.

"बरं केलं काका," शेवटी ती म्हणाली.

तिनं तक्रार वाढवली नाही. डबा सुस्थितीत मिळाला, असा जबाब आम्ही लिहून घेतला. पुढे तिला नवी किल्ली घेऊन वेगळ्या नावानं ॲप काढावं लागलं. जुने प्रेक्षक फार थोडे परत आले. दोघांची भागीदारीही तिथेच मोडली.

माल हस्तगत झाला की तपास फत्ते, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो होतो. कुणाचं काय गेलं हे मालावरून कळत नाही, हे त्या दिवशी शिकलो. वाईट हेतूला लावायला आमच्याकडे कलमं होती. या म्हाताऱ्याच्या चांगुलपणाचं काय करायचं, ते मात्र मला सुचलं नाही.

निघताना म्हातारा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "पाहा साहेब, पोरगी मोठ्या मनाची हाये. चीज कोरी भेटली तं खूश झाली."

मी म्हणालो, "हो." आणि त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो.