अर्ध्या वाट्याचे साक्षीदार

मिराबाईचं चुकलं ते एवढंच, की तिनं साक्षीदार मागितले. बाकी तिच्यात खोट काढायला मला तरी जागा सापडत नाही, आणि लोकांच्या खोटी काढण्यात मी काही कमी नाही.

जवळा बाजारला ती आमच्या गल्लीत मोळी विकायला यायची. मोळी टाकली की माझ्या आईकडे तांब्याभर पाणी मागायची आणि ओसरीवर टेकून घरचं सांगायची. तिचा नवरा अमरसिंग. त्यानं दुसरी बायको केली तेव्हा ही तीन वर्षांच्या रूपलीला कडेवर घेऊन थावराच्या, म्हणजे भावाच्या, तांड्यावर आली. कोर्टात कुणी गेलं नाही. दोन्ही तांड्यांची माणसं बसली आणि भीमसिंग नाईकानं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखानं, फारकत केली. लेकराबद्दल तो म्हणाला, "ल्हान हाय तवर आईपाशी ऱ्हाऊ द्या. पुढं जो पोसंल त्याचं लेकरू."

मिराबाई मागे बायकांत उभी होती. पोसणार तर मीच, मग पोरगी माझीच, असं तिनं धरलं. कुणीही तेच धरलं असतं.

पुढच्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ पडला. मिराबाई सडकेच्या कामावर खडी फोडायला लागली. मजुरीत पोट भरेना, आणि थावराच्या घरात त्याचीच खाणारी तोंडं पुष्कळ. आधार होता तो रेशनच्या मिलोचा, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीचा. मोठ्या माणसाला पूर्ण वाटा, लेकराला अर्धा. रूपलीचं नाव मात्र अजून बापाच्या कार्डावर होतं. तिचा अर्धा वाटा दर खेपेला अमरसिंग उचलायचा आणि त्याच्या घरात त्याच्या भाकरी व्हायच्या. पोरगी इथं कण्यांच्या पाण्यावर.

मिराबाई कचेरीत गेली. "बापानं नाव कमी करून दिलं तरच तुमच्या कार्डावर चढतं," कारकून म्हणाला. अमरसिंग नाव कमी करून देईना. तोवर रूपलीचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं, पायांच्या काड्या झाल्या, केस तांबूस पडले. आमच्या ओसरीवर आली की ती बसत नसे, सरळ आडवी व्हायची. आईनं तिला ताक पाजलं की मिराबाई दुसरीकडे तोंड फिरवायची.

शेवटी बाजारच्या दिवशी रेशनच्या दुकानासमोर तिनं अमरसिंगला गाठलं. पोरीला त्याच्या पिशवीशेजारी उभं केलं.

"सरकार हिच्या नावानं देऊन राहिलं, अन् खाऊन तू राहिला व्हय?"

माणसं जमली. अमरसिंग ओशाळला. "देतो की. घरी पोचवीन."

"घरी न्हाई. हितंच दे, माणसांसमोर. उद्या म्हणशील दिलं व्हतं, अन् दिलेलं नसंल."

त्याच्याच तांड्यावरच्या धर्मसिंगला आणि त्याच्या भावाला तिनं हाका मारून शेजारी उभं केलं. तेव्हापासून दर खेपेला तसंच. दोघं साक्षीदार उभे, रूपली आईच्या ओढणीचं एक टोक धरायची, मिराबाई दुसरं, आणि अमरसिंग त्या झोळीत मोजून मिलो ओतायचा. बाई खमकी आहे हो, असं आई आम्हांला कौतुकानं सांगायची. मिलोचा वास बरा नव्हता, पण पोरगी जगली. पायांवर मांस चढलं. ओसरीवर ती खेळायला लागली.

दोन वर्षांनी शिवारं हिरवी झाली. अमरसिंगच्या दुसऱ्या बायकोला मूल नव्हतं. घरात गुरं होती, राखायला कुणी नव्हतं. पोरगी मागायला तो नाईकाकडे गेला. पुन्हा माणसं बसली. नाईकानं विचारलं, दुष्काळात पोरीला दाणा कुणी दिला? धर्मसिंग म्हणाला, अमरसिंगानं. त्याचा भाऊही तेच म्हणाला. दोघं खोटं बोलले नाहीत, आणि मला चीड येते ती त्याचीच. खोटं असतं तर खोडता आलं असतं.

या वेळी मिराबाई बायकांत उभी राहिली नाही. पुढे आली. "दाणा सरकारचा. बापाचा कसा?"

"कारड कुणाचं?" नाईकानं विचारलं.

"न्हाई घेतला असता तर पोरगी मेली असती. मंग कुणाचं लेकरू म्हणला असता?"

भीमसिंग काही वाईट माणूस नव्हता. त्यानं मान खाली घातली. "घेतलास ते बराबर केलंस. पर माणसांदेखत दाणा त्यानं घातला, बाई."

तिनं दोन उन्हाळे खडी फोडली, स्वतः उपाशी राहून पोरीला कण्या पाजल्या. त्याला साक्षीदार ठेवायचं तिला सुचलं नव्हतं. रूपलीला अमरसिंगनं त्याच दिवशी नेलं.

पुढच्या बाजारी मी रेशनच्या रांगेत होतो. मिराबाई तिचा एकटीचा वाटा घेऊन पायरीवर बसली होती. अमरसिंग आला, मागे रूपली, हातात गुरं हाकायची काठी. त्यानं धान्य घेतलं, पिशवीचं तोंड बांधायला लागला. रूपलीनं काठी खाली ठेवली आणि धावत येऊन आईच्या ओढणीचं टोक धरलं. तांड्यात आईला याडी म्हणतात.

"याडी, दुसरं टोक धर ना," ती म्हणाली. "बापू आता वतंल."

मिराबाईनं टोक धरलं. अमरसिंगनं गाठ मारली, पिशवी खांद्यावर घेतली आणि पोरीला हाक मारली.