ओलेड टीव्ही मिळेल

दुकानात धूळ आणि किस्से सारखेच साठतात. धूळ मी रोज सकाळी फडक्यानं झटकते, किस्से झटकायला मात्र हात होत नाही. हिंगोलीतल्या आमच्या टीव्ही-फ्रिजच्या दुकानात मी सेल्सला लागले त्याला बरीच वर्षं झाली. 'आमच्या' म्हणते, पण दुकान गजाननभाऊंचं. आणि अगदी खरं सांगायचं तर गल्ल्यावर बसणाऱ्या काकूंचं, म्हणजे भाऊंच्या बायकोचं.

गिऱ्हाईक आलं की मला ओलांडून आत बघतं. "साहेब न्हाईत का? टीव्हीचं विचारायचं व्हतं." मग भाऊ आतून येतात आणि मलाच म्हणतात, "संगीता, क्यूएलईडीत काय असतं गं? सांग ह्यांना!"

तर या भाऊंनी यंदा एक उद्योग केला. नांदेडला डीलरच्या मीटिंगला गेले आणि तिथं ओएलईडी बघून आले. बघून आले म्हणजे प्रेमात पडूनच आले! साध्या एलईडीत पडद्यामागं दिवे असतात, त्यामुळं काळा रंगसुद्धा थोडा राखाडी दिसतो. क्यूएलईडीतही दिवे मागंच, फक्त रंग जास्त झगझगीत. ओएलईडीत मागं दिवाच नाही. प्रत्येक ठिपका आपला आपण पेटतो आणि आपला आपण विझतो. "काळा म्हणजे काळा दिसतो गं!" भाऊ मला आठवडाभर सांगत होते. काकूंना न विचारता त्यांनी एक पीस मागवला आणि भिंतीवर बरोबर मधोमध लावला.

काकूंनी चष्मा वर करून किमतीची चिठ्ठी वाचली. "काळा पाहायला एवढे पैसे? लाईट गेली की फुकटात दिसून राहिला की!"

मग त्यांनी निकालच दिला. दिवाळीपर्यंत हा विकला गेला नाही, तर इथून पुढं दुकानात माल काकू भरणार. भाऊंनी फक्त नमस्कार करायचा गिऱ्हाइकाला! भाऊ हसले खरे, पण चहा तसाच ठेवून आत गेले. माल निवडणं म्हणजे त्यांचा जीव आहे.

*

पहिलं गिऱ्हाईक कनेरगाव नाक्याचं, ढाबेवाले. भाऊंनी अर्धं शटर ओढलं, ट्यूबलाईट बंद केल्या आणि रात्रीच्या आकाशाचा व्हिडिओ लावला. आधी नुसता अंधार, मग हळूच एकेक तारा, असा तो व्हिडिओ. भाऊ अंधारात हात जोडून उभे. ढाबेवालेही उभे. तारे काही अजून उगवले नव्हते.

शेवटी ढाबेवाले म्हणाले, "भाऊ, आता चालू करा ना!"

"चालूच हाय!"

"बरं बरं," ढाबेवाले हळूच मला म्हणाले, "ताई, त्यांना बोलू नका काही. दुसरा दाखवा."

*

मग भाऊंना वाटलं, जाहिरात कमी पडते. त्यांनी पेंटरला बोर्ड रंगवायला दिला. पेंटरनं स्वतःच्या हुशारीनं मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'ओलेड टीव्ही मिळेल'.

दुसऱ्याच दिवशी आखाडा बाळापूरच्या एक मावशी आल्या. बोर्ड वाचला, आत येऊन टीव्हीला बोट लावून पाहिलं.

"पावसात भिजला का वो हा?"

"न्हाई मावशी, नवा कोरा आहे."

"मंग ओला काहून लिहिला? आन् किंमत काय म्हणली?"

मी किंमत सांगितली. मावशींनी पदर तोंडाला लावला.

"आगं बाई! ओला असून एवढा महाग? वाळल्यावर तर परवडायचाच न्हाई!"

काकू गल्ल्याच्या मागं खाली वाकल्या होत्या. मला वाटलं सुट्टे पैसे पडले असतील. हसून हसून त्यांना वर येता येत नव्हतं.

बोर्ड मात्र भाऊंनी बदलला नाही. "लोक थांबून वाचून तरी राहिले ना!"

*

वसमतचे एक हळदीचे व्यापारी आले, ते खिशात हळदीच्या दोन कांड्या घेऊनच. मोबाईलमधला स्वतःच्या हळदीच्या ढिगाचा व्हिडिओ त्यांनी एकेका टीव्हीवर लावायला सांगितला. मग कांडी मोडायची, पडद्याशेजारी धरायची आणि एक डोळा मिटून बघायचं. एलईडीवर म्हणाले, "ही गेल्या सालची." क्यूएलईडीवर तर भडकलेच. "ही मी घेणार न्हाई. हिला रंग मारेल हाय!"

मग ओएलईडीपाशी आले. कांडी धरली, डोळा मिटला, डोळा उघडला. "बराबर. हीच माझी हळद!"

भाऊंनी माझ्याकडं पाहिलं, मी काकूंकडं पाहिलं. पेढे सांगायचेच बाकी होते. तेवढ्यात व्हिडिओ संपला, पडदा काळाभोर झाला आणि त्यात दारातल्या उजेडासकट शेठजींचं अख्खं रूप दिसलं, पोटासहित.

"माझ्या बैठकीचं दार दिवसभर उघडंच असतं," शेठजी विचार करून म्हणाले. "म्हंजे हळदीपेक्षा मीच जास्त दिसणार. न्हाई भाऊ, घरचे आधीच मला पाहून कंटाळलेत!"

जाताना 'गेल्या सालची हळद' दाखवणारा एलईडी घेऊन गेले.

*

आता भाऊंचा एक गुण सांगितलाच पाहिजे, कारण त्यापायी आम्ही एक गिऱ्हाईक घालवलं. भाऊ खोटं बोलत नाहीत. एक रिटायर्ड हेडक्लार्क काका ओएलईडी घ्यायला जवळजवळ तयार झाले होते. भाऊंनी आपणहून सांगितलं, "काका, एक गोष्ट हाय. एकच चॅनल दिवसभर लावून ठेवलं तर त्याच्या पट्टीचा ठसा पडद्यावर राहू शकतो."

काकांचा चेहरा पडला. "बातम्यांच्या पट्टीचा?"

"व्हय, तसंच."

"मग नको बुवा! बीपीमुळं डॉक्टरांनी बातम्या बंद केल्यात. ही देवळात गेली की मी लावतो. ठसा राहिला तर पुराव्यानिशी सापडेन!"

*

दिवाळी तोंडावर आली. काकूंनी पुढच्या मालाची चौकशी फोनवर सुरू केली, तीही मुद्दाम भाऊंना ऐकू जाईल अशी. भाऊ रोज सकाळी ओएलईडी स्वतः पुसायचे. मला खरंच वाईट वाटायचं. एवढ्या हौसेनं आणलेली वस्तू, आणि तिला कोणी हो म्हणेना.

अशात डोंगरकड्याहून एक कुटुंब आलं. धोतरातले आजोबा, त्यांचा मुलगा आणि सून. मुलगा टेपनं भिंत मोजूनच आला होता. त्यानं सरळ सर्वांत मोठ्या क्यूएलईडीसमोर खुर्ची ओढली. "बाबा, हा फायनल. सोफ्यावरून पहा कसा दिसून राहिला!" सून मिक्सरपाशी उभी होती. तिला कोणी काही विचारलं नाही.

आजोबा खुर्चीवर बसलेच नाहीत. चालत चालत दुकानाच्या पार टोकाला, वॉशिंग मशीनच्या कोपऱ्यात गेले. तिथं जाऊन टीव्हींकडं चक्क पाठ केली, आणि मान वळवून खांद्यावरून बघायला लागले.

"हा पांढरा पडला," क्यूएलईडीकडं बघून म्हणाले. "ह्याच्यातली माणसं तर आजारीच दिसून राहिली," हे एलईडीला. मग मधल्यावर नजर गेली. पुन्हा पाठ केली, पुन्हा मान वळवली. "हा बराबर हाय. येथूनबी तसाच."

भाऊ धावले. "आजोबा, ह्याचा काळा बघा—"

"काळ्याचं मला काय करायचं? हाच बांधून द्या."

भाऊ जागच्या जागी थांबले. काकूंनी हातातला फोन खाली ठेवला. मुलगा मात्र खुर्चीवरून उठला.

"बाबा, तेवढ्याच पैशात हा केवढा मोठा येऊन राहिला! आपला सोफा तर बराबर समोर हाय. घरात अशा कोपऱ्यात बसतं कोण?"

आजोबांनी सुनेकडं बघितलंसुद्धा नाही.

"बसत कोणीच न्हाई," ते म्हणाले. "गॅस हाय तिकडं."