पाहुण्यांच्या बाथरूममधली बिअर

दोहाला आम्ही राहायला गेलो तेव्हा दारू विकत घ्यायला परवाना लागायचा, आणि नवऱ्याचा पगार त्याच्या अटीत बसत नव्हता. त्याची मला हळहळ नव्हती. पण खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी त्याला घरीच बिअर करायला शिकवलं आणि माझ्या घराला वास लागला.

शेजारी मुंबईचे, नवऱ्यासारखेच रास लफानच्या गॅस प्रकल्पात शिफ्टमध्ये. कृती सोपी होती म्हणे. सुपरमार्केटमधलं बिनदारूचं माल्टचं पेय, साखर, पावाचं यीस्ट. वर लिंबाची साल आणि आलं, म्हणजे उन्हाळ्यात हलकी, ताजीतवानी लागते. हे सगळं एका निळ्या पिंपात ओतून दोघांनी ते आमच्या पाहुण्यांच्या बाथरूममध्ये ठेवलं. तिथला एसी चोवीस तास चालू. दार उघडलं की शिळ्या कणकेचा आणि ओल्या मोज्यांचा वास एकदमच नाकात जायचा. लेकीने तर हॉलमध्येच नाक धरून ‘आई, इट स्मेल्स लाइक प्यूक’ असं जाहीर केलं होतं.

नवरा मात्र कामावरून आला की बूट काढायच्या आधी पिंपाला कान लावायचा. फसफसतंय म्हणून खूश व्हायचा.

एका गुरुवारी दुपारी शेजारी बायकोसह यायचे होते. पिंपावरचं फडकं सरकलेलं दिसलं म्हणून मी आत डोकावले. पिवळट फेसावर झुरळं तरंगत होती. एकाचे पाय अजून हलत होते. मी नवऱ्याला बोलावून दाखवलं. त्याने डावाने ती उचलून कमोडमध्ये टाकली, फ्लश केलं आणि मला समजावलं, की अल्कोहोलमध्ये जंतू जगत नाहीत. मग स्वयंपाकघरात येऊन चक्का बांधायचं माझं मलमलचं फडकं घेऊन गेला. गाळायला.

मला वाटलं, निदान पाहुण्यांना तरी देणार नाही. दिली. चांगल्या काचेच्या ग्लासांतून, बर्फ घालून. शेजाऱ्यांनी मोठा घोट घेतला, मिशीवरचा फेस जिभेने पुसला आणि या खेपेला चव जमल्याचं सांगितलं. नवरा लाजला. त्यांच्या बायकोने आग्रहाखातर ग्लास ओठांना लावला होता. कांदाभज्यांची बशी हातात धरून मी उभी होते, आणि माझ्याच्याने राहवलं नाही.

“भाऊजी, त्यात झुरळं होती. मघाशीच काढलीत.”

त्यांच्या बायकोने ग्लास खाली ठेवला आणि ती सरळ बेसिनकडे गेली. तिच्या ओकाऱ्या हॉलपर्यंत ऐकू येत होत्या. भाऊजींनी ग्लास उजेडाकडे धरून पाहिला.

“आता नाहीत ना, वहिनी?” ते म्हणाले, आणि उरलेली पिऊन ग्लास पुढे केला.

नवऱ्याने भरून दिला. बेसिनचा नळ चालूच होता आणि हे दोघे पुढच्या वेळी आलं थोडं कमी घालावं का, यावर बोलत होते. झुरळांची किळस मला आलीच होती. पण त्या क्षणी या दोघांकडे पाहून जी शिसारी आली, ती निराळीच. मी आत गेले, तिची पाठ चोळली, तिला मीठ-साखरेचं पाणी दिलं. तिच्याकडेही असंच पिंप असायचं, हे मला ठाऊक होतं.

शनिवारी नवरा कंपनीच्या बसने गेल्यावर मी पिंप कमोडमध्ये रिकामं केलं. तळाशी करड्या रंगाचा चिकट साका होता, तो हाताने खरवडावा लागला. फडकं कचऱ्यात टाकलं. संध्याकाळी नवऱ्याने बाथरूम पाहिलं आणि ‘खलास?’ एवढंच विचारलं. मी हो म्हटलं.

नंतर रिकामं पिंप उचलून तो खाली शेजाऱ्यांकडे घेऊन गेला. दर गुरुवारी तिकडेच बसायचा. परत आला की तोंडाला तोच आंबूस वास. मी त्याची उशी हॉलमधल्या सोफ्यावर नेऊन ठेवत असे, आणि तो मुकाट्याने तिथे झोपत असे.