रेडिओवर नळाला पाणी आलं

"माझी आई रेडिओवर बोलणार हाय, ऐकायला ये," असा उज्ज्वलाचा फोन आला आणि मी पुण्याहून निघाले. उज्ज्वला माझी कॉलेजातली मैत्रीण, आता परभणी जिल्ह्यात शिक्षिका. रेल्वेने परभणी, पुढे ताडकळसची एसटी. बायकांना अर्धं तिकीट आहे, पण बाजाराच्या दिवशी जाऊ नका. मी शेजारच्या सीटवरल्या बाईची कोंबडी मांडीवर घेऊन गेले!

गाव ताडकळसच्या पुढे. नाव मुद्दामच लिहीत नाही. तिथे एका संस्थेचं दोन खोल्यांचं रेडिओ केंद्र आहे. चालतं सरकारी जाहिरातींवर.

उज्ज्वलाच्या आई, शांताबाई, खुशीत होत्या. अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "समदं सांगून आले बघ. नळ आला तवा लय आनंद झाला, पण सहा महिने झाले, थेंब न्हाई." वस्तीला पाणी मिळतं ते टँकरचं, दोन दिवसांआड.

वस्तीतलं कुणी रेडिओवर असलं की विहाराच्या भोंग्याला मोबाईल जोडायचा, ही इथली पद्धत. संध्याकाळी सगळे जमले. भोंग्यातून शांताबाईंचा आवाज आला, "आमच्या घरापुढं नळ आला तवा लय आनंद झाला." लगेच सनई, आणि मागोमाग पाणी योजनेची जाहिरात. संपलं!

"शांता, तू कवापासून एवढी गोड बोलायलीस?" शेजारच्या म्हातारीने विचारलं. कुणी हसलं नाही. शांताबाई उठून घरी गेल्या आणि जेवल्या नाहीत.

सकाळी आम्ही तिघी केंद्रावर गेलो. तिथला चालक तरुण, गावातलाच.

"मावशी, कापावं लागतंय. मागं एकदा पूर्ण लावलं, तर जाहिराती बंद झाल्या. केंद्र कशावर चालवू?"

माझं डोकंच फिरलं. जाहिरातीचा पैसा काय पुढाऱ्यांच्या घरचा आहे? शांताबाई साबणाची वडी घेतात तेव्हा त्याही कर भरतात. त्यांच्याच पैशावर चालणाऱ्या रेडिओत त्यांचंच तोंड दाबायचं, आणि पुढाऱ्यांच्या शुभेच्छा मात्र दिवसातून दहा वेळा! हे सगळं मी त्याला मोठ्या आवाजात ऐकवलं.

"मला कळत न्हाई का, ताई?" तो खाली बघत म्हणाला. पूर्ण मुलाखत लावायचं तेवढं कबूल केलं नाही.

परत आले. अंबाडीची चव आठवत राहील असं वाटलं होतं, पण राहिलाय तो संताप. त्यात काल उज्ज्वलाचा फोन आला. वस्तीचा टँकर बंद झालाय. शांताबाई विचारायला ग्रामपंचायतीत गेल्या, तर तिथल्या साहेबांनी मोबाईल काढून त्यांना त्यांचाच आवाज ऐकवला.

"हे तुमीच बोललाव न्हाई का?"