रत्नाबाई उतरायची तो चढ

"इकून टाका ही डबी! आजच्या आज इका, भाऊजी!"

"ओरडू नको. रत्नाची गाडी आहे."

"बाईची? बाईले तं चालवता बी येत नव्हती!"

"बसत तं होती ना! गाडी का चालवणाऱ्याचीच असते?"

"बसत होती! अन् उतरत कोण होतं?"

भैय्यालालच्या हातातलं फडकं थांबलं.

काल त्याच्या बायकोची, रत्नाबाईची, तेरवी झाली. पाहुणे पांगले. मागं राहिली तिची धाकटी बहीण चंद्रकांता, आंधळगावची. थोरलीला ती बाईच म्हणायची. सकाळी उठून बघते तर हा माणूस चिखल्याच्या खाण कॉलनीत, क्वार्टरच्या अंगणात, गाडी पुसत बसलेला. तिचं डोकं फिरलं.

भैय्यालाल खाणीत हजेरीबाबू. अठ्ठ्याहत्तर साली एक साहेब बदली होऊन गेला, जाताना ही जुनी विलायती गाडी याच्या गळ्यात घालून गेला. कुठल्या तरी मोठ्या शहराच्या गल्लीबोळांसाठी बनवलेली. दोन दारं, स्कूटरहून जरासं मोठं इंजिन, आत बसलं की गुडघे छातीला. मँगनीजच्या ट्रकशेजारी उभी राहिली की ट्रकच्या तोंडातून सांडलेला घास वाटायची. ट्रकवाला बाबुलाल रोज छेडायचा, "काय हजेरीबाबू, चाबी भरली का खेळण्याले?"

"भरली ना! तुया ट्रकले वळवाले अर्धा गाव लागते. माझी डबी बाजेखाली मावते!"

समोरून बैलगाडी आली तरी डबी कडेनं निसटायची. चिखलात फसली की चौघे उचलून बाजूला ठेवायचे, आणि भैय्यालाल आत बसूनच त्यांना रामराम करायचा.

दर रविवारी दोघं तुमसरला बाजाराला जायची. वाटेत रस्ता तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, चढे. तिथं डबीच्यानं दोघांचं ओझं ओढवत नसे. पहिल्या खेपेला ती अर्ध्यावरून मागं घसरली, तेव्हा रत्नाबाई पोट धरधरून हसली आणि उतरली. पुढं त्याचा खेळच झाला. ती पायी चढायची आणि वर दगडापाशी उभी राहून एस्टीला दाखवावा तसा हात दाखवायची. डबी गुरगुरत वर यायची.

"कुठी जाता, बाई?"

"नेजो जिकडे नेतेस तिकडे, डायवर. पण भाडं नाई भेटत!"

सहा वर्षं हे चाललं. मूलबाळ नव्हतं. लाजायला घरात तिसरं कुणी नव्हतं.

त्या शेवटच्या रविवारी ती वर उभी नव्हती. दगडाला टेकून बसली होती, मान खाली. नवं सोंग समजून भैय्यालाल हसला. हॉर्न वाजवला. "चला बाई, एस्टी सुटून राहिली!" पुन्हा वाजवला. गाडीतून उतरायला आपल्याला किती वेळ लागला, हे त्यानं अजून कुणाला सांगितलेलं नाही.

"अटॅक होता तो," आता तो खालच्या आवाजात म्हणाला. "एकदम आला. त्यात गाडीनं काय केलं?"

"एकदम नाई आला."

"म्हणजे?"

"दिवाळीत मीच तिले भंडाऱ्याले नेलं होतं. छातीत दुखे तिच्या. चढ चढायचाच नाई, असं डॉक्टरनं दोनदा सांगतलं."

"अन् मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी गाडी इकली असती."

"इकली? नेऊन तलावात ढकलली असती!"

"तेच तं! बाई म्हणे, ह्या माणसाले दुसरी कायची हौस आहे?"

"अन् तू? तुले तोंड नव्हतं?"

"दवाखान्याच्या पायरीवर तिनं माझा हात धरून आपल्या कपाळावर ठेवला. कुंकवाची शपथ घातली. म्हणे, सांगशील तं हे पुसलं जाईल. मंग? कसं सांगू मी, भाऊजी? तुमाले काही झालं असतं तं?"

"शपथेनं माणूस मरते?"

"तुमाले घातली असती कोणी बाईची शपथ, तं तोडली असती तुमी?"

तोडली नसती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"पाच महिने," ती म्हणाली. "पाच महिने मी तुमाले जपून राहिली होती."

भैय्यालाल डबीच्या उघड्या दारात टेकला. गुडघे छातीशी आले. त्यानं वर पाहिलं.

"एकच सांग मले, चंद्रकांता. दिवाळीनंतर बी हसे ती, पारीवर उभी राहून. हात दाखवून हसे. ते हसू खरं होतं, का मले दाखवासाठी?"

चंद्रकांतानं ओसरीवरची पिशवी उचलली. डोक्यावरून पदर घेतला.

"सांगून जा ना व."

ती अंगणातून, डबीच्या बाजूनं, फाटक उघडून एस्टीच्या रस्त्याला लागली.