रुळाच्या अलीकडे

वाकायचा, तळवा रुळावर टेकवायचा आणि म्हणायचा, "येतेय." तुम्ही-आम्ही कान देऊन उभे राहिलो तरी गाडीची शिट्टी बऱ्याच वेळाने ऐकू यायची.

अंबत्तूरला आमच्या रेल्वे क्वार्टरसमोर हा म्हातारा मेंढ्या चारायला आणी. सगळे त्याला तात्ता म्हणत, म्हणजे तिकडच्या तमिळमध्ये आजोबा. मागच्या माळावर कारखाने उठू लागले, तेव्हा चराईला उरली ती रुळाकाठची पट्टी. माझा जीव रोज टांगणीला. चुलीवर भात ठेवून मी सारखी दारात यायची.

त्याचा जुना कुत्रा याच रुळांवर मेंढ्या हाकताना गेला होता. आता नवं काळं पिल्लू होतं. लोक कुत्र्याला मेंढ्यांमागे धावायला शिकवतात, हा बाबा थांबायला शिकवत होता. रूळ आला की "इरु", म्हणजे थांब. मग तो "वा", म्हणजे ये, म्हणेपर्यंत उठायचं नाही. मेंढी पलीकडे गेली तरी नाही. पिल्लू बसायचं, पण अंगभर थरथरायचं. मग तात्ता त्याला आपल्या डब्यातली आंबील पाजायचा.

मी एकदा विचारलं, अशाने मेंढी गेली तर मेंढ्यांचा मालक सोडेल का तुम्हाला?

"मेंढी गेली तर शिव्या खाईन, अम्मा. हा गेला तर जेवण जाणार नाही."

आणि स्वतः मात्र चुकल्या मेंढीमागे कमरेची वेष्टी, म्हणजे लुंगी, खोचून खुशाल रुळांवर! मला असा राग यायचा. मी म्हणायची, आधी तुम्ही थांबायला शिका. तो बोळकं पसरून हसायचा. "माझं शिकायचं वय गेलं."

त्या सकाळी एक गाभण मेंढी रुळांतच उभी राहिली. मी दारातून पाहत होते. त्याने रुळाला हात लावला, मागून येणाऱ्या पिल्लाला हळूच "इरु" म्हटलं आणि तो गेला. मेंढी ढकलली गेली. गाडी आली तेव्हा त्याला बाजूला होता आलं नाही.

माणसं जमली, पांगली. मालकाचे गडी मेंढ्या घेऊन गेले. पिल्लू होतं तिथेच बसून. माझ्या यजमानांनी दहीभात दाखवला, कुणी मानगूट धरून ओढलं, पण ते हलेना. तो शब्द मला ठाऊक होता. पण त्या शब्दावर उठून ते कुणाकडे जाणार, या विचाराने तोंडून फुटेना. शेवटी त्याच्याजवळ मातीत बसले, रडले आणि म्हटलं, "वा."

ते उठलं आणि सुसाट रुळाकडे धावलं. पण ते अलीकडेच थांबलं, आणि मान वळवून माझ्याकडे बघू लागलं.