दादामियाँचे गाल

लोहारा गावच्या कचेरीत दादामियाँ पुकारेवाले होते. दाराशी उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची, एवढंच काम. दाढा पडल्या, गाल आत गेले, तरी आवाज खणखणीत. वय मात्र त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. जन्माची नोंद कुठंच नव्हती.

१९४४च्या एप्रिलात हुकूम आला. पंचावन्नच्या पुढच्यांना घरी बसवायचं. आणि ज्यांची नोंद नाही, त्यांचं वय तपासणीच्या साहेबांनी चेहरा पाहून ठरवायचं.

दादामियाँनी घरी येऊन आरसा मागितला.

"आत्ता काय बघता?" बायको सरदारबी म्हणाली. "न्हावी दाढी करताना गालात सुपारी धरायला लावतो, तवा बघा. नवरदेव दिसता."

हे दादामियाँच्या मनात भरलं. दुसऱ्या दिवशी ते दोन्ही गालांत सुपाऱ्या धरून बसले. खारीनं तोंडात दाणे कोंबावेत, तसे दिसत होते.

सरदारबीचा भाऊ चाँदपाशा खाटीक होता. तो म्हणाला, "दुल्हाभाई, गालातलं गेलंय काय? चरबी. मग भरायचं काय? चरबीच!"

"माझ्या पोटावरची काढ की," सरदारबी म्हणाली. "लई हाय. मलाबी उठायबसायला सोपं जाईल."

"आपा, तुझी काढायला वेळ लागंल. बकऱ्याची तयार हाय."

तपासणीच्या सकाळी त्यानं दोन्ही गालांत चरबीचे घट्ट गोळे बसवले. गाल कसे गोल, तुळतुळीत! "बोलायचं न्हाय, हसायचं न्हाय," त्यानं बजावलं.

पण साहेब तीन तास उशिरा आले. रांग उघड्यावर होती आणि दादामियाँचा उजवा गाल सारा वेळ उन्हाकडं. त्या बाजूचा गोळा पाझरत पाझरत घशाखाली गेला. डावा तेवढा शाबूत राहिला.

साहेबांनी डावीकडून पाहिलं. "चाळीस."

कारकून आण्णासाहेबांनी लिहिलं. साहेब फिरून उजवीकडं गेले. "साठ." मग समोर येऊन उभे राहिले.

"हा एकच माणूस आहे ना?"

"एकच, हुजूर."

"पिकाच्या आणेवारीत दोन अंदाज जुळले नाहीत, तर तुम्ही काय करता?"

"मधला धरतो, हुजूर."

"मग मधला धरा."

आण्णासाहेबांनी पन्नास लिहून शिक्का मारला.

"पुढच्याला पुकार," साहेब म्हणाले.

डाव्या गालातला गोळा तसाच होता. दादामियाँनी डोळे मिटले, गोळा अख्खा गिळला आणि अशी आरोळी ठोकली की रांगेत दोन हातांच्या अंतरावर उभा असलेला कोंडीराम माळी टुणकन उडाला.

साहेबांनी वळून पाहिलं. आता दोन्हीकडून साठ! ते कागदाकडं पाहू लागले, मग दादामियाँकडं, मग पुन्हा कागदाकडं.

"शिक्का झालाय, हुजूर," आण्णासाहेब हळूच म्हणाले.

दादामियाँ पुढं पाच वर्षं पुकारत राहिले. मध्ये सरकार बदललं, पण नव्या साहेबांनीही वय त्याच कागदावरून धरलं.